मंद केल्यावर एलईडीची छटा बदलते: दोष नेमका कुठे आहे ते कसे शोधावे

पूर्ण उजेडात सगळे दिवे एकसारखे दिसतात. डिमर खाली आणला की एक गुलाबीकडे झुकतो, शेजारचा हिरवट दिसू लागतो. किंवा पट्टीचे पहिले दोन मीटर स्वच्छ पांढरे आणि शेवट तांबूस. दिवा बदलला की काही दिवस बरे वाटते आणि मग पुन्हा तेच. ही तक्रार परत परत येते, कारण दरवेळी दिवा बदलला जातो आणि दोष बहुतेक वेळा दिव्यात नसतोच.

एकाहून अधिक चॅनेल (वेगळ्या रंगाच्या, स्वतंत्रपणे मंद होणाऱ्या एलईडींच्या ओळी) असलेल्या दिव्यात, म्हणजे वॉर्म-कूल (पिवळसर-निळसर) व्हाइट, आरजीबी (लाल-हिरवा-निळा) किंवा आरजीबीडब्ल्यूमध्ये (त्यात पांढरा जोडलेला), दिसणारी छटा हे त्या चॅनेलांच्या उजेडाचे प्रमाण असते. प्रमाण ढळले की छटा ढळली. म्हणून रंगाची तक्रार आली की आधी एलईडीच्या चिपकडे नाही, करंटकडे पाहावे: प्रत्येक चॅनेलला जितका करंट मिळायला हवा तितका त्या जागी, त्या पातळीवर खरोखर मिळतोय का? याचे उत्तर मिळेपर्यंत नवीन काहीही विकत घेऊ नये.

काहीही उघडण्याआधी

तक्रार ऐकताना एवढे नक्की करून घ्या. फरक १०० टक्के उजेडातही आहे, की फक्त मंद केल्यावर दिसतो? चालू केल्याबरोबर दिसतो, की अर्धा-पाऊण तास गेल्यावर? आणि दोष दिव्याबरोबर फिरतो, की जागेला चिकटून राहतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नुसते बघून मिळतात. तिसऱ्यासाठी अदलाबदल करावी लागते, आणि ती टाळली की पुढचा सगळा शोध अंदाजाने चालतो.

१. सगळे दिवे १०० टक्क्यांवर निदान ४५ मिनिटे चालू ठेवा. थंड दिव्यांची तुलना करून काही कळत नाही.

२. संशयित दिवा आणि त्याच्या शेजारचा चांगला दिवा यांच्याखाली चकचकीत नसलेला पांढरा पुठ्ठा धरा आणि १००, ५०, २०, ५ टक्के या पातळ्यांवर फरक नोंदवा. भिंतीकडे बघून ठरवू नका, भिंतीचा रंग फसवतो.

३. मेन बंद करा, ड्रायव्हरमधला (एलईडीला योग्य करंट पुरवणाऱ्या भागातला) चार्ज उतरू द्या आणि फक्त एलईडीचे भाग एकमेकांच्या जागी लावा. ड्रायव्हर आणि वायर जिथल्या तिथे. दोष दिव्याबरोबर गेला तर एलईडी, लेन्स किंवा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) तपासा. दोष जागेवरच राहिला तर दिवा निर्दोष आहे.

४. दोष जागेवर राहिला असेल तर आता ड्रायव्हरची अदलाबदल करा. ड्रायव्हरबरोबर गेला तर ड्रायव्हर किंवा त्यातली सेटिंग. तरीही जागेवरच असेल तर वायर, जॉइंट किंवा कंट्रोलरचे ते आउटपुट.

५. बहुचॅनेल दिव्यात एका वेळी एकच चॅनेल चालू करून दोन्ही दिवे पुन्हा शेजारी पाहा. नुसता वॉर्म, नुसता कूल. नुसता लाल, हिरवा, निळा. कोणता चॅनेल कमी पडतोय ते इथे उघड होते.

एक सावधगिरी: कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर चालू असताना एलईडीची बाजू कधीही सोडवू-जोडू नका. लोड सुटला की ड्रायव्हरचे आउटपुट व्होल्टेज कमाल पातळीवर चढते आणि पुन्हा जोडताना तो साठलेला झटका थेट चिपमध्ये जातो. चाचणीच्या नादात असे दिवे जातात आणि मूळ दोषाच्या जोडीला नवा दोष तयार होतो.

१०० टक्क्यांवरच फरक आहे

मग डिमिंगचा संबंध नाही. दिवे बहुधा वेगळ्या बिनचे (कारखान्यात छटेनुसार पाडलेल्या गटाचे) किंवा वेगळ्या बॅचचे आहेत. खोक्यावर '३००० केल्विन' असे रंगतापमान (आकडा कमी तर उजेड पिवळसर, जास्त तर निळसर) असणे म्हणजे छटा एक असणे नव्हे. एएनएसआय सी७८.३७७ या मानकात ३००० केल्विन नावाखाली ३०४५ अधिक-उणे १७५ केल्विन बसते, म्हणजे साधारण २८७० ते ३२२०. या पट्ट्याच्या दोन टोकांचे दिवे शेजारी लावले तर कोणालाही फरक दिसेल.

म्हणून खरेदीत एसडीसीएमचा, म्हणजे छटा ठरलेल्या रंगापासून किती पायऱ्या ढळू शकते याचा, आकडा पाहतात. डेव्हिड मॅकअ‍ॅडम यांनी १९४२ साली मोजलेल्या, डोळ्याला फरक न कळणाऱ्या रंगक्षेत्रांवर हा आकडा उभा आहे. आजच्या व्यवहारात एक पायरी म्हणजे यू-प्राइम व्ही-प्राइम या रंग-आलेखावर सुमारे ०.००११ त्रिज्येचे वर्तुळ. ३ पायऱ्यांचे वर्तुळ ०.००३३. इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: ही त्रिज्या केंद्रापासून आहे. दोन दिवे ३ पायऱ्यांच्या आत असूनही वर्तुळाच्या समोरासमोरच्या कडांवर असतील तर त्यांच्यात ६ पायऱ्यांचे अंतर पडते. एकाच भिंतीवर ओळीने प्रकाश टाकणारे दिवे असतील तर ३ पायऱ्यांवर समाधान मानू नये. २ पायऱ्यांचे घ्यावेत आणि एका भिंतीसाठी एकाच बॅचचे.

केल्विनमधला फरकही सरळ वाचू नका. १०,००,००० भागिले केल्विन केले की मिरेड मिळतो आणि डोळ्याला जाणवणारा फरक मिरेडच्या जास्त जवळ असतो. २७०० आणि २८०० केल्विनमध्ये सुमारे १३ मिरेडचे अंतर आहे. ६५०० आणि ६६०० मध्ये जेमतेम २. 'शंभर केल्विनचाच तर फरक आहे' हे वाक्य कूल व्हाइटमध्ये खरे, वॉर्ममध्ये नाही. शिवाय दोन दिव्यांचे केल्विन तंतोतंत एक असूनही एक हिरवट आणि एक गुलाबी असू शकतो. ती सरक ड्यूव्ही (पांढऱ्या छटांच्या रेषेपासूनचे अंतर) या आकड्यात दिसते: धन असेल तर हिरवट, ऋण असेल तर गुलाबी. डेटाशीटमध्ये ड्यूव्ही दिलेला नसेल तर तो मागून घ्या.

फक्त मंद केल्यावर फरक पडतो

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या असतात आणि इथली कारणे एकमेकांत मिसळलेली असतात. सोपी तपासणी आधी, म्हणून सेटिंगपासून सुरुवात करा.

डालीवर (दिव्यांना डिजिटल हुकूम पाठवण्याची पद्धत) चालणाऱ्या ड्रायव्हरला दोन प्रकारचे डिमिंग कर्व्ह (कोणत्या पातळीला किती उजेड हे ठरवणारे नियम) लावता येतात, लॉगरिदमिक आणि लिनिअर. लॉगरिदमिकमध्ये पातळी २५४ म्हणजे १०० टक्के, २२९ म्हणजे सुमारे ५० टक्के आणि १२८ म्हणजे फक्त ३.२ टक्के. लिनिअरमध्ये तीच १२८ पातळी म्हणजे ५० टक्के. आता वॉर्म आणि कूलसाठी दोन वेगळे ड्रायव्हर आहेत आणि त्यातला एक चुकून लिनिअरवर राहिला आहे असे समजा. १०० टक्क्यांवर सगळे ठीक. खाली येताना एक चॅनेल झपाट्याने विझतो, दुसरा रेंगाळतो आणि छटा एका टोकाला पळते. कंट्रोलर दोघांना तोच हुकूम देत असतो, त्यामुळे स्क्रीनवर काहीच चुकीचे दिसत नाही. ड्रायव्हर बदलल्यावर नव्याची कारखान्यातली सेटिंग वेगळी असली तरी हेच होते, आणि दुरुस्तीनंतर तक्रार परत येण्याचे हे फार नेहमीचे कारण आहे. नवा ड्रायव्हर बसवला की कर्व्ह, किमान पातळी आणि फेड टाइम (एका पातळीवरून दुसरीवर जाण्याचा वेळ) या तिन्ही सेटिंग जुन्याशी ताडून पाहायच्याच.

किमान पातळीचे प्रकरण असे: एका ड्रायव्हरची तळाची मर्यादा ०.१ टक्का असते, दुसऱ्याची १ टक्का. दोघांना ०.५ टक्क्यावर यायला सांगितले तर दुसरा १ वरच थांबतो, म्हणजे दुप्पट उजेड देतो. ग्रुपमधल्या सगळ्या ड्रायव्हरची किमान पातळी त्यांच्यातल्या सर्वांत वरच्या मर्यादेला बांधा. तळाचा थोडा उजेड हाताळता येणार नाही, पण छटा एक राहील. शक्य असेल तिथे दोन स्वतंत्र ड्रायव्हरऐवजी डीटी८ प्रकारचा, म्हणजे आयईसी ६२३८६ च्या भाग २०९ नुसार रंगनियंत्रण जाणणारा एकच ड्रायव्हर वापरावा. त्यात चॅनेलांचे प्रमाण ड्रायव्हर स्वतः सांभाळतो आणि रंगतापमानाचा हुकूम मिरेडमध्येच जातो.

०-१० व्होल्ट डिमिंगमध्ये, म्हणजे कंट्रोल वायरवरच्या व्होल्टेजने उजेड ठरतो तिथे, एकसारखेपणाची अपेक्षा मुळातच बेताची ठेवावी. १ व्होल्टला ड्रायव्हर किती टक्क्यांवर बसतो हे कंपनीगणिक वेगळे असते, आणि लांब कंट्रोल वायरवरची थोडी घट तळाच्या पातळीवर मोठी ठरते. ड्रायव्हरच्या कंट्रोल टर्मिनलवरच मल्टिमीटर लावा. एका ठिकाणी १.२ आणि दुसऱ्या ठिकाणी १.५ व्होल्ट दिसले तर एलईडीला दोष देण्यात अर्थ नाही. वॉर्म-कूल मिश्रण दोन वेगळ्या ०-१० व्होल्ट लाइनवर चालवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

सेटिंग ठीक असूनही छटा पायरीपायरीने उडत असेल तर कंट्रोलरचे बिट मोजा. ८ बिटमध्ये ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. वॉर्म १० टक्के आणि कूल ९० टक्के असे मिश्रण धरा. एकूण उजेड २ टक्के केला की वॉर्मच्या वाट्याला ०.५१ पायरी येते आणि कूलच्या ४.५९, पूर्णांक केल्यावर १ आणि ५. म्हणजे वॉर्मचा हिस्सा १० वरून जवळजवळ १७ टक्क्यांवर गेला. १ टक्क्यावर वॉर्मच्या वाट्याला ०.२६ येते, ती शून्य होते आणि उरतो नुसता कूल. डिमर सावकाश खाली आणताना शेवटच्या टप्प्यात दिवा आधी पिवळसर आणि मग एकदम निळसर होत असेल तर हेच चालले आहे. इलाज: डीएमएक्समध्ये (दिव्यांना हुकूम पाठवण्याची आणखी एक डिजिटल पद्धत) हुकुमाचे दोन चॅनेल जोडून १६ बिट मोड लावा आणि ड्रायव्हर किंवा डिकोडरही (तो हुकूम वाचून एलईडी चालवणारा भाग) आतून १६ बिट आहे याची खात्री करा. कंट्रोलर १६ आणि डिकोडर ८ असेल तर उपयोग शून्य.

बिट पुरेसे असूनही तळाशी रंग घसरतो तेव्हा पीडब्ल्यूएमच्या (एलईडी झपाट्याने चालू-बंद करून मंद करण्याच्या पद्धतीच्या) पल्सकडे वळा. १ किलोहर्ट्झ वारंवारतेला एक आवर्तन १००० मायक्रोसेकंदांचे, १ टक्का ड्युटी (आवर्तनातला चालू राहण्याचा वाटा) म्हणजे १० मायक्रोसेकंदांचा पल्स. करंट पूर्ण चढायलाच ५ मायक्रोसेकंद लागत असतील तर पल्सचा मोठा हिस्सा वाटेतच गेला. हे नुकसान सगळ्या चॅनेलांना सारखे नसते. कमी ड्युटीवर चालणाऱ्या चॅनेलचा पल्स आधीच अरुंद, तो जास्त भरडतो, आणि छटा सहसा त्या चॅनेलपासून दूर सरकते. वारंवारता जितकी वाढवाल तितका हा दोष वाढतो. झगमग कमी करायला कोणी पीडब्ल्यूएम ४ किलोहर्ट्झवर नेतो आणि दुसऱ्या दिवसापासून मंद छटा बिघडतात, त्यामागचे गणित हेच.

तडजोड कुठे करायची? आयट्रिपलई १७८९-२०१५ या शिफारशीप्रमाणे पूर्ण चालू-बंद होणारा उजेड १२५० हर्ट्झच्या वर कमी जोखमीचा आणि ३००० हर्ट्झच्या वर निर्धोक मानला जातो. डोळ्यांसाठी ही मर्यादा पाळायची असेल तर चढ-उतार १ मायक्रोसेकंदाच्या आत करणारा ड्रायव्हर निवडा, ड्रायव्हर आणि दिवा यांतली वायर आखूड ठेवा आणि जाणारी-येणारी वायर एकमेकींना लगटून किंवा पीळ देऊन न्या. मध्ये रिपीटर (लांब पट्टीसाठी सिग्नल पुढे पोहोचवणारे भाग) असतील तर त्यांचाही हात असतो: चालू होताना आणि बंद होताना त्यांना लागणारा वेळ सारखा नसला की प्रत्येक पल्स थोडा लांबतो किंवा आखडतो. पहिला टप्पा आणि रिपीटरनंतरचा टप्पा १०० टक्क्यांवर जुळतात पण २ टक्क्यांवर जुळत नाहीत, तेव्हा रिपीटर धरावा.

राहिले करंट कमी करून होणारे डिमिंग. यात झगमग नसते, पण चिपची छटा करंटबरोबर स्वतःच सरकते. करंट कमी झाला की निळ्या आणि हिरव्या चिपची तरंगलांबी थोडी वाढते. हिरव्यात ही सरक सर्वांत जास्त, त्यामुळे मंद हिरवा पिवळसर दिसतो. फॉस्फर (निळ्या उजेडाचा पांढरा करणारा लेप) लावलेल्या पांढऱ्या एलईडीत सरक सौम्य असते आणि तिची दिशा चिप व फॉस्फर यांच्या जोडीवर ठरते. करंट पूर्ण क्षमतेच्या एखाद-दोन टक्क्यांवर आला की समांतर जोडलेल्या ओळींमध्ये व्होल्टेजचे बारीक फरक डोके वर काढतात: काही चिप उजळ, काही जवळजवळ विझलेल्या. म्हणून पुष्कळ ड्रायव्हर हायब्रिड असतात, वरच्या भागात करंट कमी करतात आणि एका बिंदूनंतर पीडब्ल्यूएमवर जातात. हा बिंदू दोन मॉडेलांत वेगळा असतो. एक ड्रायव्हर २० टक्क्यांना बदलतो, दुसरा १० ला. मग १५ टक्क्यांवर दोघांच्या चिप वेगळ्या करंटवर असतात आणि वर जुळणारे दिवे २० टक्क्यांच्या खाली जुळत नाहीत. यावर सेटिंगने इलाज होत नाही. एका खोलीत एकच मॉडेल वापरा.

पट्टीच्या शेवटी छटा बदलते

१२ व्होल्टच्या आरजीबी पट्टीचा एक कापता येणारा तुकडा जवळून पाहा. प्रत्येक रंगाच्या तीन चिप एका ओळीत आणि त्यांच्या जोडीला एक रेझिस्टर. निळ्या किंवा हिरव्या चिपला सुमारे ३ व्होल्ट लागतात, तिघींना ९. रेझिस्टरवर उरतात ३ व्होल्ट, २० मिलिअँपियरला १५० ओहम. लाल चिपला सुमारे २ व्होल्ट, तिघींना ६. रेझिस्टरवर ६ व्होल्ट, म्हणजे ३०० ओहम. आता पट्टीच्या शेवटी १२ ऐवजी ११ व्होल्टच पोहोचले. निळ्या-हिरव्याच्या रेझिस्टरवर ३ चे २ व्होल्ट राहिले: करंट एक तृतीयांशाने घटून १३ मिलिअँपियर. लालच्या रेझिस्टरवर ६ चे ५ राहिले: करंट एक षष्ठांशाने घटून १७ मिलिअँपियरच्या जवळ. करंट घटला की चिपचे व्होल्टेजही किंचित उतरते, त्यामुळे प्रत्यक्ष घट याहून थोडी कमी असते, पण प्रमाण असेच मोडते. शेवटचा पांढरा तांबूस का होतो त्याचे उत्तर या दोन रेझिस्टरमध्ये आहे.

यातून एक उपयोगी खूण मिळते. वॉर्म-कूल पट्टीत दोन्ही चिपना सारखेच, साधारण ३ व्होल्ट लागतात. व्होल्टेज घटले तर दोन्ही जवळजवळ सारख्याच मंदावतात, छटा फारशी बदलत नाही. म्हणून वॉर्म-कूल पट्टीचा शेवट नुसता मंद नाही तर वेगळ्या छटेचा दिसत असेल, तर आधी त्या बाजूचा जॉइंट तपासा: एका चॅनेलचे सोल्डर कच्चे आहे किंवा क्लिप-कनेक्टरची एक पिन नीट बसलेली नाही. क्लिप-कनेक्टरवर आमचा भरवसा नाही. कायमच्या कामात सोल्डरच करावे.

व्होल्टेज मोजताना सगळे चॅनेल १०० टक्क्यांवर ठेवा. पीडब्ल्यूएम चालू असताना साधा मल्टिमीटर सरासरी दाखवतो आणि त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. सप्लायच्या टर्मिनलवर, पट्टीच्या सुरुवातीला आणि शेवटी अशा तीन ठिकाणी मोजा. पहिल्या दोन आकड्यांत फरक असेल तर घट वायरमध्ये आहे. ०.७५ चौ. मि.मी. तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे २५ ओहम असतो: १० मीटर अंतर, जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे अर्धा ओहम आणि ४ अँपियरला २ व्होल्टची घट. तेच २.५ चौ. मि.मी. वापरली तर घट ०.६ व्होल्टच्या आसपास. मधला आकडा ठीक आणि शेवटचा कमी असेल तर घट पट्टीच्या पातळ तांब्यात आहे. तिथे वायर जाड करून काही मिळत नाही. पट्टीला दोन्ही टोकांकडून किंवा मधून फीड द्यावा लागतो. एका टोकाकडून दिलेल्या फीडच्या तुलनेत याने सर्वांत वाईट जागेची घट एक चतुर्थांश होते. नवीन काम असेल तर १२ सोडून २४ व्होल्टची पट्टी घ्या: तेवढ्याच वॅटला करंट निम्मा, घटही निम्मी.

बहुतेक आरजीबी पट्ट्यांत पॉझिटिव्ह वायर सगळ्या चॅनेलांना सामाईक असते, तिच्यातून सगळ्यांचा एकत्रित करंट वाहतो. त्यामुळे नुसता निळा लावला तर शेवटपर्यंत ठीक, आणि पांढऱ्यासाठी तिन्ही लावले की निळा मंदावतो. पीडब्ल्यूएममध्ये हा प्रकार आणखी गुंतागुंतीचा होतो. तिन्ही चॅनेल एकाच क्षणी चालू होत असतील तर पल्सपुरती घट पूर्ण उजेडाइतकीच असते, उजेड कितीही मंद करा. कंट्रोलर चॅनेलांना आळीपाळीने चालू करत असेल तर मंद पातळीवर त्यांचे पल्स एकमेकांवर येत नाहीत, घट कमी होते आणि पट्टीचा शेवट मंद असताना पांढरा, पूर्ण उजेडात तांबूस दिसतो. हे लक्षण दिसले तर सामाईक वायर जाड करा.

तापल्यावर सरकणारी छटा

चालू केल्यावर ठीक आणि अर्ध्या तासात आरजीबीचा पांढरा निळसर-हिरवट: लाल चिप तापली आहे. लाल आणि अंबर चिप उष्णतेने जेवढा उजेड गमावतात त्याच्या मानाने निळ्या-हिरव्याचे नुकसान फार कमी. हीटसिंकवरची धूळ, सुकलेली थर्मल पेस्ट, ढिले स्क्रू, फॉल्स सीलिंगमध्ये दिव्यावर पडलेले इन्सुलेशन, यांपैकी काही ना काही सापडते. फक्त एकच दिवा असे करत असेल तर त्याचा पाया हीटसिंकला नीट टेकलेला नाही. सगळेच करत असतील तर करंट जास्त ठेवला आहे. तो ७०-८० टक्क्यांवर आणून पाहा. तापमानाचा सेन्सर असलेला ड्रायव्हर लालची भरपाई करतो, पण सेन्सर चिपजवळ असेल तरच.

मधल्या छटा गुलाबी दिसतात

२७०० आणि ६५०० केल्विनच्या दोन चॅनेलांनी ४००० बनवले की ते गुलाबी का दिसते, असा प्रश्न वारंवार येतो. दोन रंगांचे मिश्रण रंग-आलेखावर सरळ रेषेतच सरकते, तर तापवलेल्या वस्तूच्या पांढऱ्या छटांची रेषा वर फुगीर असते. सरळ रेषा तिच्या खालून जाते आणि मधोमध ड्यूव्ही सुमारे उणे ०.००६ भरतो. हा दोष नव्हे, दोन चॅनेलांची मर्यादा आहे. टोके जवळ आणा, २७०० ते ५००० ठेवा, की खळगा बराच उथळ होतो. पूर्ण पल्ला हवाच असेल तर लाइम किंवा हिरवट पांढरा असा तिसरा चॅनेल लागतो.

इथेच आणखी एक चूक होते. दोन्ही चॅनेल समान ल्युमेनवर आणले की ४६०० केल्विन मिळेल असे धरले जाते, कारण तो २७०० आणि ६५०० चा मध्य. मिळतात ४००० च्या जवळपास. कंट्रोलरचा स्लायडर केल्विनमध्ये सरळ विभागलेला असेल तर दाखवलेला आकडा मधल्या भागात चुकणारच. प्रत्यक्ष मोजून पाच-सहा बिंदूंचा तक्ता करा, मधल्या किमती मिरेडमध्ये काढा आणि तो तक्ता कंट्रोलरमध्ये भरा.

मोजमाप

छटा जुळवायची तर स्पेक्ट्रोमीटर (उजेडातली प्रत्येक तरंगलांबी वेगळी मोजणारा मीटर) हवा. तीन फिल्टरवाले स्वस्त मीटर एलईडीच्या टोकदार निळ्यावर चुकतात. पीडब्ल्यूएमवर मोजताना इंटिग्रेशनचा (एका वाचनासाठी उजेड गोळा करण्याचा) वेळ निदान वीस आवर्तनांचा ठेवा: २०० हर्ट्झला १०० मिलिसेकंद. वेळ फार कमी असला तर प्रत्येक वाचन वेगळे येते आणि माणूस दिव्यातला दोष शोधत बसतो. मीटर नसेल तर फोन चालतो, पण तुलनेपुरता: व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लॉक करा, शटर १/५० सेकंद किंवा त्याहून सावकाश ठेवा आणि दोन्ही दिव्यांचा उजेड एकाच फोटोत घ्या. वेगवेगळ्या फोटोंची तुलना करू नका.

अनेक दिवे एकमेकांशी जुळवताना लक्ष्य सर्वांत कमकुवत दिव्यावरून ठरवा. प्रत्येकाचा प्रत्येक चॅनेल गरम अवस्थेत मोजा, जो दिवा सर्वांत कमी उजेड देतो त्याची पातळी सगळ्यांची कमाल धरा आणि बाकीच्यांना खाली आणा. उलट केले, तर कमकुवत दिवा १०० टक्क्यांवर अडतो आणि त्याची छटा इतरांपासून तुटते. हीच जुळवणी २० आणि ५ टक्क्यांवर पुन्हा तपासा. १०० टक्क्यांवरची जुळवणी खाली आपोआप टिकते असे गृहीत धरू नका.

मेनच्या डिमरवर चालणारे बल्ब

इथे फेज-कट डिमर (मेनच्या प्रत्येक लाटेचा काही भाग कापणारा) आणि बल्बची जोडी जुळत नाही एवढाच बहुतेक दोष असतो: किमान लोड भरत नाही, काही बल्ब लवकर विझतात, काही लुकलुकतात. मंद पातळीवर रंगात फरक वाटला तर आधी खोकी वाचा. काही बल्ब मंद होताना मुद्दाम १८०० केल्विनपर्यंत उबदार होतात, काही २७०० वरच राहतात. दोन प्रकार एका सर्किटवर मिसळले असतील तर कोणताही डिमर त्यांना जुळवू शकणार नाही. एक प्रकार काढावाच लागतो.

जुन्यात नवा दिवा

हजारो तास चाललेल्या दिव्यांची छटा सरकलेली असते: फॉस्फर आणि सिलिकोन जुने होतात, लेन्स पिवळी पडते. त्यांच्यात एकच नवा दिवा लावला तर तो निळसर आणि उजळ उठून दिसतो, अगदी त्याच बिनचा असला तरी. बिनचा शिक्का कोणत्या तापमानाला मोजला आहे तेही बघा. २५ अंशांना क्षणभराच्या पल्सवर मोजलेला बिन आणि ८५ अंशांना मोजलेला बिन ही तुलनाच होऊ शकत नाही. सुरुवातीलाच त्याच बॅचचे काही जास्तीचे दिवे घेऊन ठेवणे चांगले, पण ते कपाटात न ठेवता कमी महत्त्वाच्या जागी, जिन्यात किंवा मार्गिकेत लावून चालू ठेवावेत. मुख्य भिंतीवरचा दिवा गेला की तिथला तेवढेच तास चाललेला दिवा काढून भिंतीवर लावा आणि नवा जिन्यात. बॅचचा क्रमांक, बिन, ड्रायव्हरचा कर्व्ह, किमान पातळी आणि जुळवणीचे आकडे एका कागदावर लिहून तो पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा.